झुलीवरचा मोर

उज्वलाला सासरी मिळालेलं पहिलं नाव म्हणजे 'काऊनबाई'. पवनारहून लग्न होऊन ती हिंगणीला आली, तेव्हा सासरे बंडूजी अजून स्वतः दुकानाच्या गादीवर बसत. नवी सून चहाचा कप घेऊन यायची आणि ठेवता ठेवता विचारायची, "मामाजी, गुळाच्या भेलीले गोणपाटच काऊन गुंडाळतात?" मग एक दिवस, "मामाजी, तराजूचं हे पारडं थोडं खाली काऊन राह्यते?" हा प्रश्न तिनं भर गिऱ्हाइकात विचारला. बंडूजींना ठसका लागला. गिऱ्हाईक हसलं, मग बंडूजीही हसले, आणि सारखं 'काऊन', म्हणजे 'का', विचारणारी ती तेव्हापासून काऊनबाई झाली. पारडं मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी नीट करून घेतलं.

हा स्वभाव माहेरचाच. पवनारला धाम नदीच्या काठी त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. एकदा विहिरीवरच्या बाभळीतून सुगरणीचा खोपा खाली पडला, तर पोरीनं तो काडी काडी करून उकलला. पाखरानं पहिली गाठ कुठे मारली ते तिला पाहायचं होतं. सगळा खोपा सुटला, गाठ काही सापडली नाही. आईची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

आता ती पंचावन्नच्या आसपास आहे. बंडूजी जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान तिचा नवरा हेमराज चालवतो, आणि दुपारी तो जेवून आडवा झाला की गादीवर ती बसते. पुढच्या फळ्यांवर किराणा, मागच्या फळ्यांवर सुई-दोरा, बटणं, लेस, बांगड्या. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं. बोर धरणाकडे जाणाऱ्या गाड्या समोरून धूळ उडवत जातात आणि उज्वलाच्या हातात क्रोशाची सुई चालू असते. गावातल्या निम्म्या घरांत टीव्हीवर, फ्रिजवर, देव्हाऱ्यात तिनं विणलेले रुमाल आहेत.

दुकानाच्या कोपऱ्यात वर्षभर एक लाकडी बैल उभा असतो. चांगला कमरेएवढा उंच, सागवानी, चार चाकांचा. बंडूजींनी तो गावच्या सुताराकडून करून घेतला होता. एरवी गिऱ्हाईक त्याच्या पाठीवर पिशव्या ठेवतात, पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, त्याचा मान असतो. खरे बैल आदल्या दिवशी मिरवून झालेले असतात. या दिवशी गावातली पोरं आपापले लाकडी बैल दोरीनं ओढत देवळापुढे आणतात, तिथून घरोघर जातात, आणि लोक त्यांच्या हातावर बोजारा म्हणून खाऊ-पैसे ठेवतात. हेमराजच्या दुकानातला बैल त्या सगळ्यांत मोठा. त्याच्या पाठीवर दरवर्षी एक विणलेली झूल पडायची, लालसर रंगाची, दोन्ही अंगांना एकेक मोर.

ती झूल हेमराजच्या मोठ्या बहिणीनं, धुरपताबाईनं, लग्नाआधी विणलेली. घरात सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणतात. बाईचं सासर आष्टीला. कमी बोलणारी, भिवया जोडून पाहणारी. इतक्या वर्षांत उज्वलाचं आणि तिचं बोलणं 'कशा आहा', 'बरी आहो', 'जेवून घ्या' यापलीकडे फारसं गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी पोळ्याला चार महिने असताना उज्वलानं पेटी उघडली, तर झूल उंदरांनी खाल्लेली. नेमके मोरच गेलेले. एका अंगाला पिसाऱ्याचं टोक उरलं होतं, दुसऱ्या अंगाला नुसतं डोकं. झुलीच्या खाली मात्र एक कागद शाबूत होता. कुठल्याशा जुन्या बायकांच्या मासिकातून कापलेला, घड्यांवर पिवळा पडलेला. वर लिहिलं होतं, 'तिपाईसाठी मोराचे टेबलक्लॉथ', आणि खाली चौकोनांचा तक्ता. रिकामा चौकोन म्हणजे जाळीचं घर, काळा चौकोन म्हणजे भरीव घर. घरं मोजत विणत गेलं की मोर आपोआप उमटतो.

"नवी करतो," ती हेमराजला म्हणाली. "नमुना तर हाये."

"कर ना. तुले काय अवघड हाये?" तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात शिरला.

अवघड गोष्ट कागदाच्या एका ओळीत होती. 'कमळ छाप दोरा, नंबर वीस.' हिंगणीत कुणी कमळ छापचं नाव ऐकलेलं नव्हतं. उज्वला वर्ध्याला गेली. बाजारातल्या लोकरीच्या दुकानदारानं कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "हे कंपनी कधीचीच बंद झाली, ताई. पण वीस नंबर म्हणजे वीस नंबर. हा दुसऱ्या कंपनीचा घ्या, एकच गोष्ट होय."

तिला ते पटलं. डाळिंबी रंगाचे मऊ, चमकदार गुंडे घेऊन ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. तक्त्यावर बोट ठेवून एकेक घर मोजून घेत होती. पाय झाले, पोट झालं, मान झाली, तुरा झाला. पहिला मोर पुरा झाला तेव्हा तिनं तो बैलाच्या पाठीवर टाकला आणि दूर जाऊन पाहिलं.

तेवढ्यात साखर घ्यायला आलेल्या यशोदाबाईंनीही पाहिलं. "छान झाली वो कोंबडी," त्या म्हणाल्या.

उज्वला हसली, पण तिला दिसत होतं, यशोदाबाईंचं काही चुकलेलं नाही. मान आखूड, पोट पसरट, पाय तर जवळजवळ नाहीतच. शिवाय तुकडा इतका रुंद झाला होता की झूल बैलाच्या शेपटीमागे लोंबली असती. तिनं तक्त्याशी पुन्हा ताळा केला. एक घर कमी नाही, एक जास्त नाही.

दुसरी कुणी असती तर वैतागली असती. उज्वलाला मात्र आतून काहीतरी खुदकन झालं, अगदी खोपा उकलताना व्हायचं तसं. घरं तीच, सुई तीच, नंबर तोच. मग मोराची कोंबडी झाली काऊन?

तिथून दुकानाच्या मागच्या फळ्यांना काही शांतता उरली नाही. तिनं गोधडीचा दोरा काढला, हार गुंफायचा काढला, गादी शिवायचा काढला, पतंगाचा साधा दोरा काढला, अगदी राखीचा रेशमीही सोडला नाही. प्रत्येकाचा ती तळहाताएवढा तुकडा विणायची. सगळ्यांत तेवढीच घरं. मग ते तुकडे एका सुतळीवर ओळीनं टांगायची. काही तुकडे उंच झाले, काही बसके. एक तर असा तिरपा झाला की त्याचा चौकोन न राहता पतंगच झाला. ती प्रत्येक दोऱ्याचं टोक काडीनं पेटवून बघायची. सुती असला की कागद जळल्यासारखा वास यायचा आणि राख पडायची. त्यात नायलॉन मिसळलेलं असलं की टोकाला काळा मणी बनायचा.

एका दुपारी हेमराज झोपेतून उठून बाहेर आला तर दुकानभर जळका वास.

"आता दुकानच पेटवतं का वो?" तो म्हणाला.

"अहो, हे पाहा ना. हा दोरा अन् हा दोरा, जाडी सारखीच हाये. मंग हा तुकडा उंच अन् हा बसका काऊन?"

हेमराजनं दोन्ही तुकडे हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. त्याला खरंच फरक दिसला. "मले नाई समजत," तो शेवटी म्हणाला. "बाईले विचार. तिनं तर केली होती ना."

हे उज्वलालाही सुचलं होतं. पण बाईला फोन लावायचा म्हणजे आधी सांगावं लागणार की झूल उंदरांनी खाल्ली, आणि मग त्या जोडलेल्या भिवयांची शांतता ऐकावी लागणार. तरी कुतूहल भीतीपेक्षा मोठं ठरलं. फोनवर बोलण्यापेक्षा समोर जाऊन दाखवलेलं बरं, असं म्हणून तिनं उरलेली झूल, कागद, कोंबडी आणि तुकड्यांची सुतळी पिशवीत भरली. हिंगणीहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, आर्वीहून आष्टी. गाडीत शेजारी बसलेल्या एकीनं सुतळी पाहून विचारलं, "तोरण होय का?" उज्वला म्हणाली, "चौकशी होय."

आष्टीत बाजाराचा दिवस होता. धुरपताबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघे धरलेले, पण पाठ ताठ.

"काऊन आली एकाएकी?" त्यांनी विचारलं. "हेमराज बरा हाये ना?"

"बरे हायेत. तुमची झूल..." उज्वलानं पिशवीतून ती काढून मांडीवर ठेवली. "उंदरांनी खाल्ली, बाई. मी पेटीत डांबरगोळ्या ठेवत होती, तरी."

बाईंनी झूल उचलली. उरलेल्या मोराच्या डोक्यावरून अंगठा फिरवला. भिवया जोडल्या गेल्या.

"इतकी वर्षं टिकली कशी मंग?" बाई म्हणाल्या. "मले तं वाटलं होतं, दोन पोळे निघाले तरी खूप."

मग उज्वलानं कोंबडी दाखवली. बाईंनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली आणि त्यांच्या तोंडून असं काही हसू फुटलं की आतून त्यांची सून बघायला आली. उज्वलानं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"माही तं बगळा झाली होती," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "हे लांब मान! हे लांब तंगड्या!"

"म्हणजे? कमळ छापचा दोरा..."

"कोणाले भेटला तो कमळ छाप? हिंगणीत? तेव्हा तं वर्ध्यातही नव्हता. मासिकवाल्यांले काय जाते लिहायले." त्या पुढे झुकल्या. "बाबांच्या दुकानात मैद्याचे पोते येत. कपड्याचे. त्याची शिलाई उसवली की लांब दोरा निघे. मी तो गुंडाळून ठेवो. उकळला, रंगात बुडवला, अन् घेतला इनायले. त्याचा बगळा झाला. मंग मी मानेतल्या ओळी गाळल्या, पायातल्या गाळल्या. मोरावाणी दिसेपर्यंत गाळत गेली."

"तक्त्याप्रमाणे नाई केली तुम्ही?"

"तक्ता त्या दोऱ्याचा होता. माह्या हाती दोरा दुसरा, मंग तक्ता कसा चालन?"

उज्वलानं कोंबडी परत हातात घेतली. मग म्हणाली, "मंग मी दोन महिन्यांपासून कोणाचा मोर शोधून राह्यली?"

"ते तूच सांग," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा दोघी हसल्या.

पण उज्वलाचं समाधान झालं नव्हतं. बाईंचा बगळा का झाला आणि आपली कोंबडी का, हे उरलंच होतं. तिनं तुकड्यांची सुतळी खुर्चीच्या दोन हातांमध्ये बांधली. बाईंनी एकेक तुकडा बोटांत चुरून पाहिला. डोळे अधू झालेले, बोटं मात्र भराभर चालत होती. जे उंच झाले होते ते हाताला टणक लागत होते. बसके होते ते मऊ.

"पीळ," बाई पुटपुटल्या. "घट्ट पिळाचा दोरा उभा राह्यते. सैल पिळाचा खांब बसते खाली." क्रोशात ज्या टाक्यावर घर उभं राहतं त्याला खांबच म्हणतात.

"हे माह्याही ध्यानात येऊन राह्यलं होतं," उज्वला म्हणाली. "पण हा पाहा. हा गोधडीचा, चांगला पिळाचा हाये. तरी इनता इनता सैल पडला. काऊन?"

बाईंनी तो तुकडा परत बोटांत घेतला. त्यांनी जुन्या झुलीतून एक सुटलेला धागा ओढला. उज्वलानं गोधडीच्या दोऱ्याचं टोक घेतलं. दोघींनी आपापली टोकं अंगठ्यानं उकलायला घेतली. बाईंचा धागा अंगठा पुढे ढकलला की सुटायचा. उज्वलाचा त्याच ढकलण्यानं आणखी आवळायचा. पुन्हा करून पाहिलं, टोकं बदलून पाहिलं. तेच.

"याचा पीळ उलटा हाये!" उज्वला जवळजवळ ओरडली. "आपण सुईवर दोरा घेतो, तेव्हा दर टाक्याले तो जराजरा फिरते. एका पिळाचा असला तं आवळत जाते, उलट्या पिळाचा असला तं उकलत."

बाईंनी तो धागा उन्हाकडे धरला. "पन्नास वर्षं सुई धरली," त्या हळूच म्हणाल्या, "पण हे मले बी माहीत नव्हतं."

उज्वला त्या दिवशी परतलीच नाही. मैद्याची पोती आता प्लॅस्टिकची येतात आणि त्यांची शिलाईही तशीच, त्यामुळे तो दोरा मिळणार नव्हता. बाईंच्या माळ्यावर टकळी निघाली. शाळेत टकळीवर सूत काढायला दोघीही शिकलेल्या, एक हिंगणीत, एक पवनारला. गोधडीचा पांढरा दोरा तिपदरी करून त्यांनी टकळीवर उलट्या अंगानं पिळला. पहिल्या खेपेला दोरा गुंतला, दुसऱ्या खेपेला तुटला, तिसऱ्या खेपेला कडक, गोल दोरा निघाला. त्याचा तुकडा विणला तर तो ना उंच, ना बसका.

"आता मोर होईन?" बाईंनी विचारलं.

"पाह्यल्याशिवाय कसं सांगू?" उज्वला म्हणाली.

हिंगणीला परतल्यावर तिनं तक्त्याची झेरॉक्स काढली आणि मूळ कागद जपून ठेवला. आधी बैलाच्या पाठीचं माप घेतलं. मग तळहाताएवढ्या तुकड्यात किती घरं बसतात ते पाहून झूल किती घरांची लागेल याचा हिशेब मांडला. तक्त्यातला मोर त्या मापाला थोडा मोठा पडत होता. पिसाऱ्याच्या कडेची घरं तिनं पेन्सिलनं छाटली, मानेत एक ओळ वाढवली. दोरा मात्र पुरेसा पिळावा लागणार होता. हेमराज सकाळी दुकान उघडायच्या आधी टकळी फिरवून द्यायला लागला. पहिल्यांदा उपकार केल्यासारखा, मग कुणी न सांगता. "आज चांगला पीळ बसला," तो स्वतःशीच म्हणायचा.

रंग देताना पुन्हा एक गंमत झाली. डाळिंबी रंगात बुडवलेला दोरा वाळल्यावर विटेसारखा झाला. उज्वलानं त्याला नावं ठेवली नाहीत. बैलाच्या पाठीवर तो डाळिंबीपेक्षा छानच दिसत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी हेमराज गाडी करून बाईंना घेऊन आला. लग्नानंतर त्या तान्ह्या पोळ्याला माहेरी आल्याच नव्हत्या. झूल दाखवली तेव्हा त्यांनी आधी बोटांनी पाहिली. पाय, पोट, मान. मानेपाशी बोट थांबलं.

"इथं एक ओळ वाढवली काय?"

"हो. आखूड वाटून राह्यली होती."

"मी गाळल्या, तू वाढवली," बाई म्हणाल्या, आणि झूल त्यांनी स्वतःच्या हातानं बैलाच्या पाठीवर घातली. ती दोन्ही अंगांना चाकांच्या वर चार बोटं थांबली.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी देवळापुढे बैलांची रांग लागली. पोरांचा कल्ला, तोरणाखाली ढकलाढकली, कुणाच्या बैलाचं चाक निघालेलं. मोठा बैल मध्ये उभा होता. यशोदाबाई पुढे झाल्या, वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, "आता मोर झाला वो." उज्वलाला बरं वाटलं, पण त्याहून जास्त लक्ष तिचं समोरच्या एका पोरीच्या छोट्या बैलाकडे होतं. त्याच्या पाठीवर कुणीतरी नायलॉनच्या सुतळीची झूल विणली होती, आणि तिची घरं लांबट, अगदी तांदळाच्या दाण्यासारखी झाली होती. तशी काऊन, हे तिला विचारायचं होतं, पण ती पोरगी गर्दीत कुठे गेली ते कळलं नाही.

बोजारा वाटून होईतो आभाळ भरून आलं आणि चांगली सर आली. पोरं बैल घेऊन पळाली. मोठा बैल ढकलत ढकलत दुकानात आणेपर्यंत झूल ओलीचिंब झाली होती. हेमराजनं कपड्यानं बैल पुसला. उज्वलानं झुलीच्या काठाशी बोटं लावून पाहिलं. झूल वर सरकली होती. आता चाकांच्या वर चांगली वीतभर.

"आखडली," ती म्हणाली.

बाई खुर्चीवरून काठी टेकत उठल्या. दोघी बैलाच्या दोन अंगांना वाकल्या. मोराची मान आखूड झालेली दिसत होती, पण पिसारा तसाच रुंद होता.

"लांबी आखडली, रुंदी नाई," बाई म्हणाल्या. "असं काऊन?"

"खांब उभे राह्यतात, साखळीचे टाके आडवे. खांबात दोरा जास्त असन, म्हणून का?"

"का पीळ पाण्यानं आणखी आवळला?"

"तसं असतं तं रुंदीही आखडली असती."

हेमराज हातात ओला कपडा घेऊन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "अगं, उद्या सकाळची गाडी सांगितली हाये बाईसाठी," तो म्हणाला.

"परवाची सांग," बाई झुलीवरून मान वर न करता म्हणाल्या. "वाळल्यावर हे कुठं जाते, ते पाहू दे."